देवमाशासाठी सिलिंडर

रूपल चुरीच्या गाळ्यात येणारा प्रत्येक सिलिंडर बिघडलेला असायचा. बोईसर एमआयडीसीत, मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांनी हा गाळा घेतला होता. जेसीबीचे, डंपरचे, प्रेसचे, तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर तिथे दुरुस्तीला येत. कुणाचा दांडा वाकलेला, कुणाचं तेल गळतंय, कुणाला आतून चरे पडलेले. टेम्पोतून एकेक उतरवायला चार माणसं लागायची. वडील गेल्यावर रूपलने गाळा बंद केला नाही. पाम गावाहून ती रोज स्कूटरवर यायची आणि दुसऱ्यांनी बनवलेली, दुसऱ्यांनीच मोडलेली वस्तू चालती करून परत पाठवायची.

तिच्या हाताखाली मंदा होती, मासवणची. कारखान्यांतल्या पंपांमध्ये कार्बनच्या काळ्या चकत्या बसवतात. त्या आरशासारख्या सपाट घासल्या नाहीत तर पंप गळतो. हे घासण्याचं काम मंदाचं. दिवसभर ती खिडकीपाशी बसून चकत्या घासायची आणि संध्याकाळी घरी जाताना तिचे हात कोळसा चोळल्यासारखे दिसायचे.

पाऊस ओसरता ओसरता एका दुपारी भावेश तांडेल गाळ्यात आला. तारापूरच्या एका कारखान्यात हवेवर चालणारे व्हॉल्व्ह सांभाळायची त्याची नोकरी होती. राहायला समुद्रकाठी, दांडी गावात. त्याने खिशातून एक वस्तू काढून रूपलच्या टेबलावर ठेवली. प्लॅस्टिकचा सिलिंडर होता, करंगळीएवढा.

"हा खेळण्यातला आहे," तो म्हणाला. "एकमेकांत बसणारे ठोकळे असतात ना मुलांचे, त्यांच्यासोबत मिळतो. मला असेच हवेत, पण मोठे. याच्या चौपट लांब."

रूपलने तो उचलून दांडा आतबाहेर करून पाहिला. "आमच्याकडे येतात त्यांचं वजन माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत आहे, मॅडम. म्हणूनच आलो. दोन गाळ्यांत विचारलं, ते हसले."

"मोठा सिलिंडर बाजारात तयार मिळतो की."

"मिळतो, पण ठोकळ्यांत बसत नाही. ठोकळ्यांवरचे उंचवटे आठ आठ मिलिमीटरवर असतात. त्यामुळे सिलिंडरची रुंदी आठाच्या पाढ्यात हवी. टोकाच्या भोकांचं अंतरही आठाच्याच पाढ्यात. शिवाय वजनाला हलका."

"एवढं करून बनवायचंय काय?"

"देवमासा," भावेश म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. त्याचे वडील देवू तांडेल यांनी उभा जन्म मासेमारीत घालवला. भावेश लहान असताना एकदा दूर दर्यात त्यांच्या बोटीशेजारी देवमासा वर आला होता. बोटीवर देवू आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ नंतर वारला. देवूंना विचारलं तर ते एवढंच सांगायचे, "आला, श्वास घेतला, गेला." यापुढे त्यांना शब्द सापडत नसत. दोन्ही हात पसरायचे, मग हात अपुरे पडल्यासारखे खाली घ्यायचे. आता पायांनी साथ सोडल्यामुळे ते ओटीवर बसून जाळी शिवत.

भावेशने मुलीसाठी ठोकळे आणले होते. मुलीचं मन त्यातून उडालं, बापाचं मात्र त्यात गुंतलं. आधी क्रेन झाली, मग जेट्टी, मग पूल. आणि आता दोन वर्षं तो जाळी ठेवायच्या खोलीत देवमासा बांधत होता. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. हजारो ठोकळ्यांचा.

"नुसता उभा करायचा असता तर कधीच झाला असता," भावेश म्हणाला. "पण बाबांनी पाहिला तो श्वास घेत होता. तो कसा दिसला असेल, ते मला बघायचंय."

रूपल काही वेळ त्या करंगळीएवढ्या सिलिंडरशी चाळा करत राहिली. इतक्या वर्षांत तिने शेकडो सिलिंडर उघडले होते; मात्र आपल्या हाताने एकही नवा बनवला नव्हता. तसं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मापं द्या," ती म्हणाली.

पहिले सिलिंडर तिने पितळी नळीचे केले. टोकांना ॲल्युमिनियमच्या चौकोनी टोप्या, त्यांत ठोकळ्यांच्या खुंट्या बसतील अशी भोकं, आत मागेपुढे सरकणारा ॲल्युमिनियमचा दट्ट्या आणि त्यावर रबरी रिंग. भावेशने टोपी ठोकळ्यांवर लावून पाहिली. टिच्च आवाज झाला आणि ती अशी बसली की जणू त्याच कारखान्यातून आली असावी. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मंदासुद्धा हसली.

रविवारी रूपल आणि मंदा दांडीला गेल्या. देवू तांडेल ओटीवरून उठून भिंतीच्या आधाराने आत आले आणि खुर्चीवर बसले. जाळ्यांच्या खोलीत मधोमध तो देवमासा होता, पोटापर्यंतच पूर्ण झालेला. शेपटी वेगळी, कोपऱ्यात उभी. दोन्ही जोडायला खोली पुरत नव्हती. अंगाचे ठोकळ्यांचेच केलेले पत्रे बिजागऱ्यांवर हलणारे, प्रत्येक पत्र्याखाली एक फासळी आणि फासळीखाली रूपलचा एकेक सिलिंडर. भावेशने हवा सोडली.

देवमासा थरथरला. एक बाजू वर उसळली, थांबली, पुन्हा उसळली. मग दुसरी. पत्रे एकमेकांवर खडखडले.

देवू म्हणाले, "हा असा नव्हता. ह्याला तर उचकी लागली हाय."

"बाबा, पहिल्यांदाच चालवलाय."

"ते खरं रे. पन त्याला घाई नव्हती. आमी घाबरलेलो, बोट हालत होती, पन तो..." त्यांनी पंजा उताणा धरून हळूहळू वर नेला. इतका हळू, की हात वर जातोय हे नुसतं बघून कळत नव्हतं. "असा. आणि श्वास सोडला तो एकदम. मग घेतला. मग लई वेळ काय नाय."

परतीच्या वाटेवर रूपल त्या उचकीचाच विचार करत होती. दोष कुठे आहे ते तिला कळलं होतं. रबरी रिंग नळीला घट्ट धरून ठेवते. हवा मागे साठत राहते, पुरेशी साठली की रिंग एकदम सुटते, आणि पुन्हा धरते. जेसीबीत हे कुणाला जाणवत नाही, तिथे जोर प्रचंड असतो. इथे कामच हळुवारपणाचं होतं. रिंग सैल केली तर हवा गळणार आणि घट्ट केली तर उचकी.

पुढचे काही दिवस तिने नाना प्रयोग केले. रिंगला वेगवेगळं तेल लावलं, रिंगची जात बदलली, पितळी नळी आतून पुन्हा घासली. उचकी कमी झाली, पण गेली नाही. भावेश कामावरून सुटला की येऊन बघायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा.

एका सकाळी मंदा पंपाची जुनी चकती घासून पुसत होती. रूपल तिच्याजवळ उभी राहून बघत होती. कार्बनची चकती मंदाने चाचणीच्या काचेवर ठेवली आणि सहज टिचकी मारली. चकती आवाज न करता काचेच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली.

"मंदाताई," रूपल म्हणाली, "पुन्हा कर बघू."

मंदाने पुन्हा टिचकी मारली.

"रिंग काढूनच टाकू," रूपल म्हणाली. "दट्ट्या कार्बनचा करू आणि नळी काचेची."

"आन् हवा?"

"दट्ट्या इतका बरोबर बसवायचा की हवेला जायला वाटच उरणार नाही."

मंदाने चकतीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "सपाट घासते मी. गोल कदी घासला नाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन बगू."

काचेच्या नळ्या मिळणं बोईसरमध्ये अवघड नव्हतं. प्रयोगशाळांना काचसामान पुरवणारं एक दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. रूपलने लेथवर कार्बनची कांडी कातली, नळीच्या आतल्या मापाहून केसभर जाड ठेवली. पुढचं मंदाने हातात घेतलं. अगदी बारीक पॉलिश पेपरवर दट्ट्या फिरवायचा, पुसायचा, नळीत घालून बघायचा, काढायचा, पुन्हा फिरवायचा. नळ्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या नव्हत्या. एका नळीचा दट्ट्या दुसरीत जाईना. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी अडकायचा, म्हणून जेवणात सुका बोंबील असला की मंदा तीन तीनदा हात धुवायची. बरेच दट्टे वाया गेले. एक सैल झाला, एकाची कड तुटली, एक नळीत असा रुतला की नळी फोडावी लागली.

आणि मग एक बसला.

दुपारची वेळ होती. मंदाने नळी उभी धरली, वरून दट्ट्या आत सोडला. तो सरळ खाली गेला आणि तिच्या तळहातावर पडला. तिने तो पुसला, पुन्हा वरून घातला आणि या वेळी नळीचं खालचं तोंड तळव्याने बंद केलं.

दट्ट्या दोन बोटं खाली आला आणि थांबला.

त्याला खालून कशाचाही आधार नव्हता. काळा कुळकुळीत दट्ट्या स्वच्छ काचेत मधोमध, कशावरच बसलेला नाही असा बसला होता. मंदाने नळी जराशी वर उचलली, तोही वर गेला. नळी खाली नेऊन झटकन थांबवली, तो किंचित दबला आणि पुन्हा आपल्या जागी आला, पाण्यावरच्या होडीसारखा. तिने तळवा अगदी थोडा सैल केला. दट्ट्या खाली येऊ लागला. कुठेही न थांबता, न अडखळता, संध्याकाळी सावली भिंतीवरून सरकते तसा.

शेजारच्या गाळ्यातला लेथवाला चहाचा कप हातात घेऊन दारात उभा होता. "ये कैसे रुका है?" त्याने विचारलं.

"हवा पे," मंदा म्हणाली.

तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नसावा, कारण तिने नळीखाली वाकून बघितलं. मग ती रूपलला म्हणाली, "रूपलताई, हवेला वजन पेलता येतं ते ठावं होतं. पन अशी समोर कदी दिसली नव्हती."

रूपलने नळी तिच्या हातातून घेतली. तळव्यावर तिला हवेचा मऊ दाब जाणवला, जणू नळीत काहीतरी जिवंत आहे आणि ते शांतपणे टेकून बसलंय. टनांनी जोर लावणारे सिलिंडर तिने आयुष्यभर हाताळले होते. त्यांच्यातही आत, हवेऐवजी तेलावर, हेच चालू असतं, हे तिला ठाऊक होतं. पण तिथे जाड लोखंडाआड काही दिसत नसे. ती नळी वरखाली करत राहिली. टेम्पो येऊन बाहेर हॉर्न वाजवत होता, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

त्या संध्याकाळी भावेश आला तेव्हा नळीला टोप्या बसवून झाल्या होत्या. त्याला इतका आनंद झाला की कामावरच्या सवयीने त्याने गाळ्यातल्या कॉम्प्रेसरची नळी थेट जोडली आणि चावी फिरवली. कॉम्प्रेसरमध्ये जेसीबीच्या सिलिंडरची सफाई करण्याइतकी हवा भरलेली होती. दट्ट्या गोळीसारखा सुटला, वरच्या टोपीवर आदळून त्याचा चुरा झाला आणि काच फुटून टेबलभर पसरली. एक कपची मंदाच्या गालाला चाटून गेली. रक्ताचा बारीक थेंब आला, इतकंच.

भावेश पांढराफटक पडला. कारखान्यात नव्या मुलांना हवेचा दाब तपासायला शिकवणारा माणूस तो. "मंदाताई, चुकलो," तो म्हणाला.

मंदाने पदराने गाल पुसला आणि टेबलाकडे पाहिलं. "ती जोडी लई चांगली बसली होती," ती म्हणाली.

रूपलने त्या दिवशी काम थांबवलं. भावेश निघून गेल्यावर तिला वाटलं की हे इथेच सोडावं. गावची मुलं देवमासा बघायला येणार, आणि काच ती काच. पण दुसऱ्या दिवशी भावेश सुट्टी काढून सकाळीच हजर झाला. त्याने दाब मर्यादेपलीकडे गेला तर आपोआप हवा सोडून देणारा छोटा व्हॉल्व्ह आणला होता आणि प्रत्येक काचेच्या नळीवर चढवायला जाड ॲक्रिलिकचं पारदर्शक आवरण. "आता फुटली तरी आतल्या आत फुटेल," तो म्हणाला. त्याने स्वतःच ते करून दाखवलं. एक वाया गेलेली नळी आवरणात घालून मुद्दाम फोडली. आवरणाला ओरखडाही आला नाही. मंदा उठून आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पॉलिश पेपर घेतला.

थंडी पडेपर्यंत सगळ्या जोड्या तयार झाल्या. कोणता दट्ट्या कोणत्या नळीचा, ते मंदाने टोपीवर ठिपके मारून ठेवलं होतं.

जानेवारीत पालघरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. देवमासा पुरा जोडता येईल एवढी जागा पहिल्यांदा तिथल्या सभागृहात मिळाली. तो टेम्पोतून तुकड्या-तुकड्यांनी आला. भावेश, रूपल आणि मंदा सकाळपासून जोडत होते. डोकं, धड, पंख, शेपटी. शेवटची खुंटी बसली तेव्हा तिघंही मागे सरकून उभे राहिले, आणि आपण काय बनवलंय हे त्यांना तेव्हा कुठे दिसलं. सभागृहाच्या पडद्यापासून दारापर्यंत तो पसरला होता, निळसर करड्या रंगाचा, पोटाशी पांढरा. फासळ्यांच्या फटींतून काचेच्या नळ्या चमकत होत्या.

दुपारी देवू तांडेल आले. त्यांच्याबरोबर दांडीची गोदूबाई होती. ती बाजारात मासळी विकायची, आणि देवमासा बघायचा म्हणून टोपली तिथेच कुणाच्या हवाली करून आली होती. सभागृहात मुलांचा कल्ला चालू होता. कुणी ठोकळे मोजत होतं, कुणी शेपटीखालून वाकून जात होतं.

भावेशने चावी हळूच फिरवली.

आधी काहीच झालं नाही. मग मंदाने रूपलचा हात धरला. देवमाशाची पाठ वर येत होती. कुठून सुरुवात झाली हे सांगता येत नव्हतं. एकेक फासळी शेजारच्या फासळीला आपली हालचाल देत होती. कुठे खडखड नाही, कुठे झटका नाही. तेवढं मोठं अंग फुलत फुलत वर आलं आणि थांबलं.

शेपटीखालची मुलं बाहेर आली. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नव्हतं, तरी सभागृहातला आवाज हळूहळू विरत गेला आणि मागच्या बाकांपर्यंत शांतता पोचली.

मग तो श्वास सुटला. सगळ्या सिलिंडरांमधली हवा भावेशने एका मोठ्या टाकीत एकत्र आणली होती. ती डोक्यावरच्या भोकातून एकदम बाहेर पडली, खोल, घोगरी, दमदार. छताला लावलेल्या पताका हलल्या. पहिल्या रांगेतली मुलं एक पाऊल मागे गेली. पाठ खाली बसली आणि लगेच पुन्हा वर येऊ लागली, मघाच्याच संथपणे.

गोदूबाई पुढे झाली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि त्या भोकावर हात धरला. पुढचा श्वास यायला वेळ लागला. ती हात धरून तशीच उभी राहिली. श्वास आला तेव्हा तिचा पदर उडून खांद्यावर पडला. ती हात काढून तळव्याकडे बघत राहिली आणि मग तो तळवा तिने कपाळाला लावला.

देवूंनी डोक्यावरची टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरून ते देवमाशाच्या डोळ्यासमोर उभे होते. भावेश त्यांच्याजवळ गेला. पायांना त्रास होईल म्हणून खुर्ची पुढे केली, पण त्यांनी ती नको म्हणून हाताने सारली.

"बाबा, असाच होता?"

"असा कसा असंल?" देवू म्हणाले. त्यांची नजर हलली नाही. "तो लई मोठा. हा सगळा त्याच्या तोंडात मावंल." मग पाठ वर येऊन थांबली. श्वास सुटल्यावर ते म्हणाले, "पन घाई नाय ह्याला. हे बरोबर हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते भावेशने आजवर ऐकलं नव्हतं. "तो वर आला तेवा तुझ्या काकाने इंजिन बंद केलं. त्या माशाने डोळा उघडून आमच्याकडं बगितलं. मला वाटलं, आपन एवडे वर्स ह्याच्या घराच्या कौलावरून चालतो, आन् ह्याला ते ठावं हाय. तरी ह्याने आपल्याला काय केलं नाय. मग तो खाली गेला. पानी मिटलं. बोट जराबी हालली नाय. आमी दोगं घरी येईपर्यंत बोललो नाय."

रूपल मागेच उभी होती. तिच्या लक्षात आलं की पाठ वर येताना तिचाही श्वास आत जातोय आणि तिथेच थांबतोय. तिने आजूबाजूला पाहिलं. शिक्षक, मुलं, दारातला शिपाई, सगळ्यांच्या छात्या फुललेल्या होत्या आणि सगळे वाट बघत होते.

प्रदर्शन संपलं तरी शाळेने देवमासा आणखी काही दिवस राहू दिला. मनोरकडच्या गावांतून लोक टेम्पो करून येत होते. काहींनी समुद्रच पाहिलेला नव्हता.

एकदा आवराआवर करताना मंदाने देवूंना विचारलं, "काका, दर्यावर कुटवर गेलं की जमीन दिसत नाय?"

"तू गेली नाय कदी?"

"कदीच नाय."

"मीपण नाही," रूपल म्हणाली. पामहून समुद्र असा कितीसा लांब. पण किनाऱ्यावर जाऊन पाय भिजवण्यापलीकडे ती गेली नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी भावेशचा चुलतभाऊ धीरज त्या दोघींना आपल्या बोटीतून घेऊन निघाला. भावेशही होता. देवूंनाही त्याने आणि धीरजने धरून बोटीत बसवलं होतं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं बारीक होत गेली, कारखान्यांच्या चिमण्या काड्यांसारख्या उरल्या, मग त्याही गेल्या. सगळीकडे नुसतं पाणी राहिलं. देवूंनी हाताने खूण केली आणि धीरजने इंजिन बंद केलं.

देवमासा आला नाही. येईल असं कुणी म्हटलंही नव्हतं. पाणी बोटीला खालून सावकाश उचलत होतं आणि सावकाश खाली ठेवत होतं.

"खाली किती हाय?" मंदाने विचारलं.

धीरजने आकडा सांगितला. मंदाने कडेला रेलून पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि बोटं पसरून तशीच बसून राहिली. रूपल तिच्या शेजारी सरकली आणि तिनेही बाही वर केली.